अख्खा फॉर्म द्यावा की फक्त ऑब्जेक्ट?

गोव्यात म्हापशातल्या एखाद्या लॉजचं बुकिंग सॉफ्टवेअर घ्या, सी शार्प या भाषेत आणि विंडोज फॉर्म्स या खिडक्या (फॉर्म) बनवायच्या साधनात लिहिलेलं. मुख्य फॉर्मवर पाहुण्यांची यादी. नावावर क्लिक केलं की तपशिलाचा फॉर्म उघडतो. त्याला माहिती पोचवायची कशी?

एक मार्ग म्हणजे तपशिलाच्या फॉर्मच्या कन्स्ट्रक्टरला (फॉर्म तयार होताना चालणाऱ्या कोडला) ‘धिस’, म्हणजे ‘मी स्वतः’, देऊन मुख्य फॉर्मच सोपवणं. काम पटकन होतं. पण फॉर्मवरचे कंट्रोल्स (याद्या, टेक्स्टबॉक्स, बटणं) मुळात प्रायव्हेट, म्हणजे दुसऱ्या फॉर्मला न दिसणारे, असतात, ते उघडे करावे लागतात, आणि तपशिलाचा फॉर्म त्या एकाच फॉर्मला जखडला जातो. उद्या तोच बिलिंगच्या फॉर्ममधून उघडायचा म्हटलं की पंचाईत.

दुसरा मार्ग: फक्त ‘पाहुणा’ हा ऑब्जेक्ट, म्हणजे त्या एका पाहुण्याची माहिती ठेवणारा मेमरीतला संच, द्यायचा. मला हाच पटतो. क्लास (ऑब्जेक्टचा साचा) हा रेफरन्स टाइप असल्याने, म्हणजे ऑब्जेक्टऐवजी त्याचा पत्ताच पुढे जात असल्याने, नवी प्रत बनत नाही. दोन्ही फॉर्म मेमरीतल्या एकाच ऑब्जेक्टकडे बघतात. खरी मेख इथेच आहे आणि शिकणाऱ्यांना ती आवर्जून सांगायला हवी. टेक्स्टबॉक्स थेट ऑब्जेक्टला बांधले असतील, म्हणजे टाइप केलेलं आपोआप ऑब्जेक्टमध्ये जात असेल, तर ‘रद्द’ दाबूनही बदललेला फोन नंबर तसाच राहतो. शुक्रवारच्या बाजाराला काउंटरवर झुंबड असताना असा चुकीचा नंबर राहून जाणं परवडत नाही. म्हणून तपशिलाच्या फॉर्मला प्रत द्यावी, आणि शोडायलॉगकडून (फॉर्म उघडून तो बंद होईपर्यंत थांबणाऱ्या मेथडकडून) ‘ओके’ आलं तरच मूल्यं मूळ ऑब्जेक्टमध्ये भरावीत.

यादी ताजी ठेवायची असेल, तर ती बाइंडिंगलिस्टला (बदल झाल्याचं पडद्याला कळवणाऱ्या यादीला) जोडून क्लासमध्ये आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड, म्हणजे एखादं मूल्य बदललं की तसं कळवणारा इंटरफेस, लिहावं.