पोर्शे 911 कॅरेरा 3.2 : अडीच लाख किलोमीटर चाललेली घ्यावी का?

“गाडी किती चालली?” हा आपला नेहमीचा पहिला प्रश्न. 1984 ते 1989 या सालांच्या कॅरेरा 3.2 बाबत तो पहिला विचारूच नये. एक तर मिळालेलं उत्तर खरं असेलच असं नाही. या गाडीच्या व्हीडीओ (VDO) कंपनीच्या स्पीडोमीटरमधलं, किलोमीटर मोजणारं छोटं दातेरी चाक शाफ्टवर सैल होतं किंवा त्याचे दात तुटतात. वेगाचा काटा झकास फिरत राहतो, आकडे मात्र जागच्या जागी. कोणी मीटर पाडलेला नसतो, मालकाच्या मनात पाप नसतं, तरी समोरचे 90 हजार प्रत्यक्षात दीड लाख असू शकतात. आणि उत्तर खरं असलं, तरी इंजिनाची तब्येत त्यातून फारशी कळत नाही.

म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. वीस वर्षं गॅरेजात कापडाखाली उभ्या असलेल्या 35 हजार किलोमीटरवाल्या गाडीपेक्षा बिलांची जाड फाइल असलेली, ‘हाफ इंजिन’ (म्हणजे इंजिनाचा फक्त वरचा भाग उघडून दुरुस्ती) झालेली अडीच लाख किलोमीटरवाली गाडी घ्यावी. बाजार उलटं मानतो आणि कमी आकड्याला जास्त पैसे मोजतो. जर्मनीत, इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेत राहून ही गाडी चालवायला (कापडाखाली ठेवायला नव्हे) शोधणाऱ्यांनी बाजाराच्या या चुकीचा फायदा उठवावा.

इंजिन 3,164 सीसीचं, सहा सिलिंडर आडवे, तीन विरुद्ध तीन. बोअर 95 मिमी, स्ट्रोक 74.4 मिमी, हाच स्ट्रोक त्या काळच्या 3.3 टर्बोलाही होता. युरोपातल्या गाडीला 231 हॉर्सपॉवर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाल्या अमेरिकन गाडीला 207 आणि 1987 पासून 217. क्रँकला आठ मेन बेअरिंग. तेल ड्राय संप पद्धतीचं, म्हणजे इंजिनाखालच्या चेंबरमध्ये न राहता मागच्या उजव्या चाकाजवळच्या वेगळ्या टाकीत, सगळं मिळून सुमारे 13 लिटर. आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाडीत तीन-साडेतीन लिटर असतं, हे लक्षात घेतलं की खालचा भाग, म्हणजे क्रँक आणि बेअरिंग, तीन लाख किलोमीटर का काढतो ते कळतं. शिवाय टायमिंगला बेल्ट नाही, दोन्ही बाजूंना दुहेरी चेन आहे. आधीच्या 911 मध्ये चेन ताणून धरणारा टेन्शनर हाच कच्चा दुवा होता. 1984 पासून त्याला इंजिनातूनच दाबाचं तेल मिळू लागलं आणि ती कटकट जवळपास संपली. समकालीन फेरारी 328 चे दोन रबरी बेल्ट गाडी चालो न चालो, दर काही वर्षांनी बदलावेच लागतात. पुढच्या एफ355 मध्ये तर त्या कामासाठी अख्खं इंजिन बाहेर येतं.

मग झिजतं काय? वरचा भाग. व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) हे या इंजिनाचं खरं दुखणं, आणि काही गाड्यांत ते लाख किलोमीटरच्या आसपासच सुरू होतं. ओळखायची रीत अशी : इंजिन पूर्ण गरम करा, तिसऱ्या गिअरमध्ये उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी येऊ द्या, मग एकदम दाबा आणि मागच्या गाडीतल्या माणसाला बघायला सांगा. निळा धूर आला तर गाइड गेले. सकाळी स्टार्ट करताना दोन-चार सेकंद धूर आला तर मात्र घाबरू नका. सिलिंडर आडवे असल्यामुळे रात्रभरात थोडं तेल आत झिरपतंच. कंपनीच्या पुस्तकात हजार किलोमीटरला दीड लिटरपर्यंत तेल जाणं चालतं असं लिहिलंय, पण ती कंपनीने स्वतःसाठी ठेवलेली पळवाट समजा. चांगलं इंजिन त्याच्या निम्म्याहून कमी पितं.

तेल मोजताना भले भले चुकतात. थंड इंजिनावर डिपस्टिक ओढली तर टाकी रिकामी वाटते, कारण बरंच तेल इंजिनात उतरलेलं असतं. मग माणूस लिटरभर ओततो, गरम झाल्यावर पातळी वर जाते, जास्तीचं तेल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरच्या डब्यात येतं आणि मागून ढग. बरोबर रीत : तेल 80 अंशांच्या वर, जमीन सपाट, इंजिन आयडलिंगवर चालू आणि तेव्हाच डिपस्टिक. बदलताना टाकीचा आणि इंजिनाचा असे दोन्ही ड्रेन प्लग उघडले तरी साडेनऊ-दहा लिटरच निघतं, बाकीचं पुढच्या कूलरमध्ये आणि पाइपांत राहतं. तितकंच परत भरा. तेल 20डब्ल्यू-50, त्यातही जस्त-फॉस्फरसचं प्रमाण भरपूर असलेलं. आजच्या गाड्यांचं पातळ तेल घातलं की कॅमचे लोब आणि रॉकरची तोंडं घासली जातात. बदल दर आठ हजार किलोमीटरला, किंवा गाडी हलली नसली तरी वर्षातून एकदा.

गाडी बघायला जाताना दाबाचा काटा नीट बघा. तेल गरम असताना दर हजार आरपीएमला साधारण 0.7 बार असा ठोकताळा आहे. 5,000 ला साडेतीन ते साडेचार बार हवा. आयडलिंगला काटा एकच्या आसपास आला तर ते ठीकच आहे.

आता टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली फट. बाराही व्हॉल्व्हना 0.10 मिमी गॅप, इंजिन ठार थंड असताना, दर 24 हजार किलोमीटरला. पुलीवरची झेड1 खूण इंजिनाच्या केसच्या सांध्याशी जुळवायची, डिस्ट्रिब्युटरचा रोटर एक नंबरच्या खाचेकडे आहे ना ते बघायचं, पहिल्या सिलिंडरच्या दोन्ही व्हॉल्व्हची गॅप लावायची. मग पुली 120 अंश फिरवत 6, 2, 4, 3, 5 या क्रमाने पुढे. 13 चा नट आणि स्क्रू, बस. पण नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर फिलर गेज पुन्हा घालून बघायचंच. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह गाडीखाली झोपून, चाचपडत करावे लागतात. घाईतला मिस्त्री तेच टाळतो.

व्हॉल्व्हची खालची झाकणं उघडल्यावर आत नुसतं तेल बघू नका, बोटांनी चाचपा. तिथे एखादा लांबट नट, आत स्टडचा तुटका तुकडा अडकलेला, सुटा पडलेला सापडला तर इंजिन खाली उतरवायचंच आहे असं समजा. सिलिंडर हेड इंजिनाला आवळून धरणारे लांब स्क्रू, म्हणजे हेड स्टड, एकूण 24. त्यांपैकी एक्झॉस्टकडचे डिलाव्हार नावाच्या मिश्रधातूचे. गरम झाल्यावर ॲल्युमिनियमइतकंच प्रसरण व्हावं म्हणून ते वापरले, पण त्यांना गंज लागला की बारीक चर पडतात आणि एक दिवस स्टड तुटतो. ओळख सोपी आहे, डिलाव्हारला लोहचुंबक चिकटत नाही, साध्या पोलादाला चिकटतं. इंजिन एकदा उघडलंच असेल तर स्टड पोलादी बसवून घ्या.

उभ्या गाडीचं नुकसान इथेच होतं. थोडं फिरवून बंद केलेल्या इंजिनात ओल साठते, तेल आम्लधर्मी होतं, बाहेर स्टड गंजतात, आत बेअरिंगांवर डाग पडतात, सील वाळतात. पंख्याच्या पत्र्याखाली उंदराने घरटं केलं की थंड हवेची वाटही बंद. ‘महिन्यातून एकदा दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवतो’ असं विक्रेता कौतुकाने सांगतो, तेव्हा किंमत पाडून मागा. तेल तापायलाच रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

आकड्याशी संबंध नसलेला दुसरा धोका म्हणजे चुकीचा गिअर. या इंजिनाचे कनेक्टिंग रॉडचे बोल्ट 9 मिमीचे आहेत, आधीच्या 911 एससी मॉडेलपेक्षा बारीक. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना चुकून दुसरा पडला की रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही, चाकंच इंजिनाला पळवतात आणि बोल्ट ताणले जातात. 1986 पर्यंतच्या 915 गिअरबॉक्सला थंड असताना दुसरा गिअर घासतो. 1987 चा जी50 गिअरबॉक्स त्यापेक्षा कितीतरी सरळ, आणि जास्तीचे पैसे द्यायचे तर त्यासाठीच द्यावेत.

खरेदीआधी लीकडाउन टेस्ट करून घ्या, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती किती टक्के गळते ते मोजायचं. नुसत्या कंप्रेशनवर विसंबू नका. 5 टक्क्यांच्या आत उत्तम, 10 पर्यंत चालेल, 20 च्या पुढे सौदा नव्याने बोलायचा. हवा कुठून फुसफुसते ते कान लावून ऐका : सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, तेलाच्या तोंडातून आली तर रिंग. व्हॉल्व्ह गळत असतील तर हाफ इंजिन, आणि अमेरिकेत तेही सहज पाच आकडी डॉलरांत जातं. रिंग असतील तर पूर्ण.

तेलगळतीचा फार बाऊ करू नका. झाकणांचे गॅस्केट आणि ऑइल रिटर्न ट्यूब गळतातच. दोन भागांच्या, मिटणाऱ्या ट्यूब मिळतात, त्या हेड न काढता बसतात. वरून, ब्रीदरच्या झाकणापाशी गळत असेल तर हात पोचत नाही, ते काम इंजिन उतरवल्यावरच करा. इंजिनाच्या डब्यातले पेट्रोलचे रबरी पाइप मात्र गाडी घेतल्या आठवड्यात बदला. चाळीस वर्षांचं रबर आणि तापलेला एक्झॉस्ट शेजारी शेजारी ठेवायची गोष्ट नाही. पुढच्या उजव्या मडगार्डमधल्या ऑइल कूलरच्या जाळीतला पालापाचोळाही तेव्हाच काढा.

आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये एक जादा डीएमई रिले ठेवा. सीटखालचा हा काडेपेटीएवढा डबा मोट्रॉनिकला (इग्निशन आणि पेट्रोल सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) आणि पेट्रोल पंपाला करंट देतो. आतलं सोल्डर तडकलं की ठणठणीत गाडी सिग्नलला बंद पडते आणि थंड झाल्यावर काहीच झालं नाही अशी सुरू होते.