आर्कोलोस: चाहत्यांनी उभे केलेले बेट

पिरान्हा बाइट्स या जर्मन स्टुडिओचा 'गॉथिक २' हा गेम २००२ च्या अखेरीस आला आणि 'नाइट ऑफ द रेव्हन' हा त्याचा विस्तार पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. 'गॉथिक' या कल्पनारम्य साहसी मालिकेवर पोलंडमधल्या खेळाडूंनी तिच्या मायदेशाइतकेच प्रेम केले, आणि त्या प्रेमातूनच 'द क्रॉनिकल्स ऑफ मिर्ताना: आर्कोलोस' हा मॉड, म्हणजे मूळ गेमवर चाहत्यांनी उभारलेली भर, घडला. १० डिसेंबर २०२१ रोजी तो विनामूल्य उपलब्ध झाला. मॉड म्हटले की चार नवी शस्त्रे आणि एखादी जास्तीची गुहा एवढीच आपली अपेक्षा असते. येथे मात्र जुने इंजिन (गेम चालवणारी मूळ प्रणाली) आणि खेळण्याची जुनी रीत तेवढी ठेवून आर्कोलोस हे बेट, गावे, शहर, माणसे आणि कथानक असे सारेच नव्याने रचलेले आहे. सत्तर तासांहून अधिक वेळ त्या बेटावर घालवल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

'गॉथिक'ची खरी गोडी कशात आहे, हे या मंडळींना नेमके उमगले आहे. 'गॉथिक २'मध्ये खोरिनिस शहराच्या वेशीवर पहारेकरी नायकाला हटकतात, आणि शेतकऱ्याचे कपडे घालून किंवा काही सबब पुढे करूनच त्याला आत शिरावे लागते. जगाचे भवितव्य ज्याच्या हाती आहे, त्याला साध्या वेशीवर अडवले जाते, कारण गावाच्या लेखी तो अजून कोणीच नसतो. पत आपोआप मिळत नाही, ती एकेका माणसाचे काम करून कमवावी लागते. 'आर्कोलोस'ने हेच सूत्र उचलून कथेच्या मुळाशी नेले आहे. पहिल्या 'गॉथिक'च्या काही वर्षे आधी घडणाऱ्या या कथेत मार्विन आणि त्याचा भाऊ यॉर्न ऑर्क या राक्षसी जमातीशी चाललेल्या युद्धातून जीव वाचवून जहाजाने बेटावर येतात. ते निर्वासित आहेत, आणि स्थानिकांच्या बोलण्यातून ते त्यांना पदोपदी जाणवून दिले जाते. पुढे यॉर्न बेपत्ता होतो आणि त्याचा शोध हीच मार्विनच्या धडपडीची प्रेरणा ठरते. जग वाचवण्याच्या घोषणांपेक्षा भावासाठी चाललेली ही वणवण मला कितीतरी अधिक भिडली.

सुरुवातीचे तास मात्र कष्टाचे आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. पहिल्या दिवशी लांडग्यांच्या जोडीपुढेही मार्विनचा निभाव लागत नाही. त्याची तलवारीवरची पकड बेढब असते, वार तुटक पडतात आणि एक वार हुकला की सावरायला वेळ लागतो. पातळी वाढल्यावर मिळणारे गुण खर्चून कसबी माणसाकडून शिकावे लागते, त्यासाठी बहुधा पैसेही मोजावे लागतात. असे शिकत शिकत कौशल्य ३० टक्क्यांवर पोहोचले की मार्विनची उभे राहण्याची ढबच बदलते, वार एकमेकांत गुंफले जाऊ लागतात, आणि पडद्यावरचा आकडा न पाहताही हा माणूस आता शिकला आहे हे डोळ्यांना कळते. ही मूळ गेमचीच देणगी आहे, पण मॉडकर्त्यांनी शत्रूंची मांडणी तिच्याभोवती फार विचारपूर्वक केली आहे. ज्या वाटेवरून आपण परवा पळ काढला, तीच वाट आज तुडवत जाण्याचे समाधान येथे वारंवार मिळते.

लोहारकामाचेही तसेच. कच्चे पोलाद भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचे, ऐरणीवर ठोकायचे, पाण्याच्या बादलीत विझवायचे आणि मग धार लावायची, हे सारे मार्विन आपल्यासमोर स्वतःच्या हातांनी करतो. आजच्या बहुतेक गेममध्ये यासाठी एक बटण असते; येथे त्या कामाला वेळ लागतो आणि म्हणूनच हाती आलेली तलवार आपली वाटते.

या मॉडचे सर्वांत मोठे बळ मला त्याच्या आवाजांत दिसले. सर्व संवाद पोलिश भाषेत ध्वनिमुद्रित केलेले आहेत आणि अर्थासाठी इंग्रजी सबटायटल्सचा आधार घ्यावा लागतो. आपल्यापैकी बहुतेकांना पोलिशचा गंधही नाही, तरीही खलाशाचा खरखरीत सूर, व्यापाऱ्याची तोंडदेखली गोडी आणि गस्तीवरच्या शिपायाचा वैताग शब्दांवाचून पोहोचतो. आपल्या भाषेत, आपल्या माणसांच्या आवाजांत इतके विस्तीर्ण जग उभे करण्याची ही जिद्द मराठी खेळाडूने तर अवश्य अनुभवावी.

कामगिऱ्यांचे लेखन दर्जेदार आहे. नकाशावर बाण दाखवून बोट धरून नेण्याचा प्रकार येथे नाही. समोरच्याने सांगितलेली खूण नीट ऐकावी किंवा वाचावी लागते. पुढे शहर रक्षक आणि अराक्सोस हा व्यापारी संघ यांतून एक बाजू निवडावी लागते, आणि त्या निवडीने संवाद व कामगिऱ्या बदलतात. जादूगारांच्या संघात सामील होण्याचा मार्ग मात्र नाही. 'गॉथिक २'मध्ये अग्नीच्या जादूगारांचा मार्ग निवडणाऱ्यांना ही उणीव जाणवेल. शहरातली निरोप पोहोचवण्याची काही कामे लांबलेली वाटली. चेहरे आणि हालचाली जुन्या इंजिनाच्या मर्यादा लपवू शकत नाहीत. शस्त्र उपसण्यापासून झोपण्यापर्यंत सगळ्या नियंत्रणांची सवय व्हायला दोनतीन संध्याकाळी जातात.

मॉड विनामूल्य असला, तरी 'गॉथिक २ गोल्ड' ही मूळ आवृत्ती स्वतःच्या मालकीची हवी. ती सवलतीच्या काळात अगदी स्वस्तात मिळते. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर मॉडचे स्वतंत्र पान असल्यामुळे फाइली हाताने इकडून तिकडे हलवण्याची गरज पडत नाही. एकच आग्रहाची सूचना: खेळ वेगवेगळ्या नावांनी वरचेवर सेव्ह करावा, कारण एखाद्याशी उद्धटपणे बोलल्याचे परिणाम कधी कधी बऱ्याच तासांनी समोर येतात.

पहिल्या वेळी मी शहर रक्षकांची बाजू घेतली होती. आता अराक्सोसच्या वाटेने दुसरा डाव सुरू केला आहे, आणि ज्या शिपायांबरोबर पूर्वी गस्त घातली, तेच आता मार्विनकडे संशयाने पाहतात.