निवडणूक आयोगाचं ‘केवायसी’ ॲप: कामाचं आहे, पण ‘हो’ वाचून थांबू नका

‘नो युवर कँडिडेट’ म्हणजेच ‘केवायसी’ हे उमेदवारांची माहिती देणारं ॲप फोनवर असावं का? जरूर असावं. फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं ॲप काढायचा आदेश दिला आणि जानेवारी २०२२ मध्ये, पाच राज्यांच्या निवडणुकांच्या तोंडावर, आयोगाने ते आणलं. आपली चाळीसेक ॲप्स आणि संकेतस्थळं ‘ईसीआयनेट’ या एकाच ॲपमध्ये एकत्र करायचं आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केलं, त्यात हेही आलं.

या ॲपमागचा विचार आम्हाला मनापासून पटतो. १९३५ च्या कायद्याखाली मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण यांवर ठरायचा. संविधानाच्या कलम ३२६ ने ती चाळणीच काढून टाकली आणि ते योग्यच झालं. घाईने, ऐकीव गोष्टींवर मत पडू नये असं वाटत असेल, तर मतदाराची परीक्षा घ्यायची नाही, उमेदवाराची माहिती त्याच्यासमोर ठेवायची. ॲप ते काम करतं का, हे पाहायला हवं.

वापर सोपा आहे. निवडणूक, राज्य, मतदारसंघ निवडा, यादी येते. पहिली अडचण इथेच येते. अर्ज भरलेले, छाननीत बाद झालेले, माघार घेतलेले असे सगळे त्यात असतात. अर्जाची स्थिती पाहून फक्त प्रत्यक्ष लढणारे वेगळे काढा. नावाने शोधलं तर नामसाधर्म्याचे अपक्षही समोर येतात, म्हणून फोटो आणि पक्ष ताडून पाहा. एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात, त्यामुळे त्याची एकाहून जास्त प्रतिज्ञापत्रं, म्हणजे गुन्हे, उत्पन्न, मालमत्ता यांची शपथेवर दिलेली माहिती, दिसू शकतात. तारीख बघून शेवटचं उघडा.

प्रत्येक नावाखाली गुन्हेगारी पार्श्वभूमी आहे की नाही, याचं ‘हो’ किंवा ‘नाही’ असतं. ॲपची सर्वांत मोठी उणीव हीच आहे. रास्ता रोको केला म्हणून गुन्हा दाखल झालेल्या कार्यकर्त्यापुढे ‘हो’, आणि खुनाच्या प्रयत्नाचा आरोप असलेल्यापुढेही तेच ‘हो’. अविचारी मतदान टाळायला काढलेलं ॲप इथे स्वतःच घाईचा निकाल हातात देतं. म्हणून ‘हो’ दिसलं की प्रतिज्ञापत्र उघडायचंच.

प्रतिज्ञापत्र म्हणजे नमुना २६. त्यातला मुद्दा ५ नीट वाचा: पोलीस ठाणं आणि गुन्हा क्रमांक, न्यायालय, कलमं, थोडक्यात आरोप आणि आरोप निश्चित झाले आहेत का. हा शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. न्यायालयाने आरोप निश्चित केले असतील, तर प्रकरण निव्वळ तक्रारीच्या पुढे गेलेलं असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे एकाच गुन्ह्याचे दोन आकडे दिसतात. बेकायदा जमाव १४३, आता १८९(२). आदेशभंग १८८, आता २२३. सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला ३५३, आता १३२. यातली पहिली दोन आंदोलनांत सर्रास लागतात. ४२०, आताचं ३१८(४), म्हणजे फसवणूक. ३०७, आताचं १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न. हे दिसलं तर थांबून वाचा. मुद्दा ६ मध्ये शिक्षा झालेली प्रकरणं असतात, ती आरोपांत मिसळू नका.

मुद्दा ४ मध्ये पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न आणि मुद्दा ७ मध्ये मालमत्ता. जमिनीचा ‘सध्याचा बाजारभाव’ हा उमेदवाराने स्वतः दिलेला अंदाज असतो. त्यामुळे एकूण आकड्यापेक्षा खरेदीची तारीख, तेव्हाची किंमत आणि मागच्या निवडणुकीतलं प्रतिज्ञापत्र यांची तुलना करा. रकाने कोरे सोडायला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालापासून मनाई आहे, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहावंच लागतं. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पुष्कळ प्रतिज्ञापत्रं पानांचे फोटो काढावेत तशी स्कॅन केलेली असतात, शब्द टाकून शोधता येत नाही. आयोगाला हे सहज सुधारता येईल आणि त्याने ते सुधारायलाच हवं.

वेळ कमी असतो, हेही लक्षात घ्या. माघारीची शेवटची तारीख आणि मतदान यांत कायद्याने किमान चौदा दिवस लागतात. २०२४ च्या विधानसभेला ४ नोव्हेंबरला माघार संपली आणि २० नोव्हेंबरला मतदान झालं. २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार होते, म्हणजे मतदारसंघामागे सरासरी चौदा. मतदान कक्षात फोन नेता येत नाही, तेव्हा वाचन आधी घरीच उरकावं लागतं. सगळे वाचून होणार नाहीत. ज्या दोघा-तिघांत मन अडकलं आहे, त्यांची तरी वाचाच. त्यात कोणी गुन्हे असलेला पक्षाचा उमेदवार असेल, तर पक्षाच्या संकेतस्थळावर नमुना सी-७ शोधा. स्वच्छ उमेदवार का दिला नाही, याचं कारण त्यात असायला हवं. ‘निवडून येण्याची क्षमता’ हे एकटं कारण चालणार नाही, असं न्यायालयाने २०२० मध्ये बजावलं आहे.

एकूण पाचपैकी तीन गुण. एक कमी त्या एकसारख्या ‘हो’साठी, दुसरा स्कॅन केलेल्या पानांसाठी. आणखी एक मर्यादा आधीच माहीत असू द्या: हे ॲप लोकसभा-विधानसभेचं. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथली प्रतिज्ञापत्रं इथे मिळणार नाहीत. मुंबईबाहेरच्या महापालिकांत एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार मतं द्यायची असतात, म्हणजे वाचायची प्रतिज्ञापत्रंही चौपट. ती राज्य आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावर पाहा.