वागळे इस्टेटमधील जुने गॅरेज आणि विजेची गाडी
ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील या जुन्या गॅरेजमध्ये मी माझी २०२० सालची टाटा नेक्सॉन ईव्ही सस्पेन्शनच्या आवाजासाठी नेली, तेव्हा मिस्त्रींनी झिजलेले बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी भाग) नेमके शोधले आणि मला दाखवूनच बदलले. इंजिन ऑइल, क्लच, स्पार्क प्लग ही कामे विजेच्या गाडीत उरत नाहीत, शिवाय रीजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच गाडी रोखून बॅटरी चार्ज करत असल्याने, ब्रेक पॅडही कमी झिजतात, त्यामुळे अशा गॅरेजांची मिळकत घटणार हे खरे. पण घोडबंदर रोडच्या खड्ड्यांचा मार याही गाड्यांना बसतोच. ३०० व्होल्टहून अधिक दाबाच्या बॅटरीला मात्र, प्रशिक्षण नसल्याचे स्पष्ट सांगून, त्यांनी हात लावला नाही, ही सचोटी मला फार मोलाची वाटते. अशा कारागिरांना ते प्रशिक्षण आणि कंपन्यांचे तपासणी सॉफ्टवेअर मिळायलाच हवे. दर वाजवी आहेत. शनिवारी गर्दी असते.