फियाटची धडधड आणि 42,500 रुपयांचा चुना

गाडी कुठे हलते आणि किती स्पीडला, हे दोन प्रश्न न विचारता जो मेकॅनिक थेट 'शाफ्ट गेला' (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा गाडीखालचा लांब दांडा) म्हणतो, त्याच्याकडे गाडी सोडू नका. मी सोडली. 1968 ची फियाट 1100, पूर्व उपनगरातलं 'जुन्या गाड्यांचे स्पेशालिस्ट' असा बोर्ड लावलेलं गॅरेज, आणि 42,500 रुपये पाण्यात. नाव लिहीत नाही, वकिलांनी नको म्हटलंय.

लक्षण साधं होतं. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला 55 च्या पुढे सीटखाली धडधड, 65 ला सर्वांत जास्त. स्टिअरिंग शांत, म्हणजे पुढच्या चाकांचा प्रश्न नाही. सिग्नलला उभी असताना काहीच नाही, म्हणजे इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) ठीक. 65 ला न्यूट्रल केली, इंजिन खाली आलं तरी धडधड तशीच, म्हणजे इंजिन आणि क्लच बाद. उरली मागची चाकं, शाफ्ट आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा). इथपर्यंत मी बरोबर होतो, हे आधी सांगून ठेवतो, कारण घरचे आता 'तुला काय कळतं गाडीतलं' म्हणतायत.

पुढची पायरी चुकली. 60 ला या गाडीचं चाक सेकंदाला साधारण 9 फेरे घेतं, शाफ्ट त्याच्या चौपटीहून जास्त. म्हणून चाकाचा दोष धडधडतो, जवळजवळ मोजता येतो. शाफ्टचा दोष भणभणतो, काचा गुणगुणायला लागतात. माझी सरळसरळ धडधड होती. पण गॅरेजवाला म्हणाला, "काका, क्रॉस खलास झालेत, सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय, रस्त्यात शाफ्ट खाली पडेल." (क्रॉस म्हणजे शाफ्टचे वळणारे सांधे, सेंटर बेअरिंग म्हणजे शाफ्टला मध्ये धरणारा आधार.) शाफ्ट पडेल म्हटल्यावर कोण वाद घालतो?

चिठ्ठी अशी: दोन क्रॉस 3,800, सेंटर बेअरिंग 4,200, शाफ्ट बॅलन्सिंग 6,500, इंजिन माउंटिंग 3,200 (ठीक असलेली!), गिअरबॉक्स माउंटिंग 1,800, मजुरी 9,000. एकूण 28,500. ट्रायल घेतली सर्व्हिस रोडवर, 30 च्या स्पीडला. अहो, 30 ला गाडी आधीही हलत नव्हती! हायवेला काढली तर धडधड जशीच्या तशी. मग 'डिफरन्शियलचं पिनियन बेअरिंग' निघालं, आणखी 14,000, रोख.

आणि कळायला हवं होतं तो क्षण. जुने पार्ट मागितले तेव्हा त्याने पिशवीतून दोन क्रॉस काढून दिले. क्रॉसच्या टोकांवरच्या टोप्यांत, म्हणजे कपात, लाल गंजाची भुकटी, सुया सुकलेल्या, ग्रीसचा टिपूस नाही. माझ्या क्रॉसना दिवाळीतच ग्रीस मारलं होतं, बाहेर सांडेपर्यंत. पिशवी हातात घेऊन मी उभा होतो, बोटाला तो गंज लागला, आणि मी 'थँक यू' म्हणून निघालो. यावर अजून झोप उडते. नंतर गाडीखाली शिरून पाहिलं तर क्रॉसवर ताजा चंदेरी रंग, आणि सर्क्लिपच्या (कप जागेवर धरणाऱ्या रिंगच्या) खाचेत जुनी माती तशीच, रंगाखाली दबलेली. सर्क्लिप काढल्याशिवाय क्रॉस निघतच नाही. म्हणजे शाफ्ट उघडलाच नव्हता.

खरा दोष? मागच्या डाव्या चाकाची रिम वाकलेली. पुढच्या चाकांना गुटके लावा, मागचं चाक जॅकवर घ्या, गाडी न्यूट्रलला ठेवा, स्क्रूड्रायव्हरचं टोक रिमच्या कडेजवळ स्थिर धरा आणि चाक हाताने फिरवा. एका जागी टोक घासलं आणि समोरच्या बाजूला 4 मिलिमीटर फट पडली. दीड-दोनच्या वर गेलं की जाणवतंच. अशा रिमवर कितीही वजनं ठोका, उपयोग शून्य. बॅलन्सिंगने वाकडं सरळ होत नाही. बेंड काढायला 700, बॅलन्सिंगला 150. त्याआधी फुकटची चाचणी म्हणजे मागची चाकं पुढे टाकून बघा. धडधड स्टिअरिंगमध्ये आली तर शाफ्टला हात लावू देऊ नका. गाडी महिनाभर उभी असेल तर आधी 15 किलोमीटर चालवा, जुन्या नायलॉन टायरचा बसलेला भाग गरम झाल्यावर बहुतेक वेळा सुटतो.

चौकीत गेलो. "गाडी मिळाली ना परत? मग हा दिवाणी मामला." वाहतूक खात्याच्या कार्यालयात "गॅरेज आमच्याकडे येत नाही." परत चौकी. पक्कं बिल आणा म्हणाले. पक्कं बिल असतं तर मी इथे कशाला आलो असतो? 28,500 यूपीआयने गेले तेही त्याच्या मेहुण्याच्या खात्यात, म्हणून "तो वेगळा माणूस." रोखीचा पुरावा? नाही. तिसऱ्या खेपेला साहेबांना क्रॉस दाखवला. त्यांनी उलटसुलट करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे भंगार आहे." तेच तर सांगतोय साहेब, गेले दोन महिने!

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या पद्मिनी टॅक्स्या (पद्मिनी म्हणजे याच फियाटचं नंतरचं नाव) रस्त्यावरून गेल्या. तेव्हापासून 'पार्ट मिळत नाही काका' हे वाक्य सोन्याच्या भावाने विकलं जातंय. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला स्वतः जा, भाव विचारा. काम सुरू व्हायच्या आधी क्रॉसच्या कपावर, बेअरिंगवर नेलपॉलिशचा ठिपका ठेवा. शाफ्ट खोलताना फ्लँजवर (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात त्या चकतीवर) खूण करायला लावा. अर्धा फेरा उलटा बसला तर नवीन थरथर फुकट मिळते. पैसे बिलावरच्या नावाच्याच खात्यात. ग्राहक हेल्पलाइन 1915; जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. माझा अर्ज तिथे गेलाय.

ते दोन गंजके क्रॉस पुरावा म्हणून अजून पिशवीत आहेत. कोणाच्या तरी फियाटचे असणारच. ओळख पटली तर सांगा.