फ्लॉरेन्सला सोमवारचं उफिझीचं तिकीट कोणी विकत असेल तर घेऊ नका

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या उफिझी या चित्रसंग्रहालयाची, ते बंद असतं त्या दिवसाची तिकिटं एका साईटने आम्हाला विकली. हे ऑक्टोबर २०२४ मधलं आहे. पैसे परत येतात की नाही ते कळेपर्यंत लिहायची इच्छाच होत नव्हती, पण गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने मला तिकिटाची लिंक पाठवली आणि विचारलं ही साईट बरी आहे का गं, ती उघडून बघितली आणि पोटात गोळा आला. साईटचं नाव वेगळं पण आतला मजकूर, फोटो सगळं तेच. म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही चौघं गेलो होतो, मी, नवरा आणि माझे आई-बाबा. बाबा नाशिकला शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती मुलं बसवली त्याची गणती नाही, आणि आमच्या घरात बॉटिचेल्ली या चित्रकाराच्या व्हीनसचं एक छापील चित्र मी लहान असल्यापासून भिंतीवर आहे. मूळ चित्र फ्लॉरेन्सच्या उफिझी गॅलरीत आहे. त्यामुळे फ्लॉरेन्स फक्त बाबांसाठी होतं. रोमहून ट्रेनने दीड तास, एक रात्र मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हेनिस. तो एक दिवस सोमवार आला, बाकीची बुकिंग्ज तशी मिळाली म्हणून, त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

दिवसाचा प्लॅन मी पियाझ्झा देला सिन्योरिया या चौकाभोवतीच बसवला होता कारण आईचे गुडघे दुखतात आणि तिथून सगळं चालत जवळ आहे. उफिझी चौकाला लागूनच, पलाझ्झो वेक्क्यो हा जुना राजवाडा चौकातच, पाच-सात मिनिटांवर पोन्ते वेक्क्यो पूल आणि दुसऱ्या बाजूला ड्युओमो, म्हणजे तिथलं मोठं चर्च. सकाळी उफिझी, दुपारी अकादेमिया या दुसऱ्या संग्रहालयात मायकेलअँजेलोचा खरा डेव्हिड (चौकात उभा आहे तो कॉपी आहे, मूळ पुतळा १८७३ मध्ये तिथून हलवला), संध्याकाळी चौकात निवांत बसायचं.

आता चूक कुठे झाली ते नीट वाचा. मी आधी उफिझीच्या अधिकृत साईटवरच गेले होते. तिथे कॅलेंडरमध्ये आमची तारीख निवडताच येईना, मला वाटलं संपली तिकिटं. घाबरले, बाबांना काय सांगू असं झालं आणि लगेच गूगलवर शोधलं तर सगळ्यात वर जी साईट आली, ती जाहिरात होती हे नंतर लक्षात आलं, तिथे त्याच सोमवारची सकाळी १० ची चार तिकिटं होती, शेजारी लाल अक्षरात फक्त ४ शिल्लक आणि खाली दहा मिनिटांचं घड्याळ उलटं चाललेलं. माणशी ५२ युरो, स्किप द लाईन आणि ऑडिओ गाईडसकट. तेव्हा अधिकृत तिकीट २५ युरो आणि बुकिंगचे ४ होते, म्हणजे जवळपास दुप्पट, पण बाबांसाठी आहे म्हणून भरले. २०८ युरो, आपले १९ हजारांच्या आसपास, वर कार्डाचा फॉरेक्स चार्ज वेगळा. ओटीपीच्या मेसेजमध्ये व्यापाऱ्याचं नाव भलतंच होतं, तिथे तरी थांबायला हवं होतं मी.

उफिझी दर सोमवारी बंद असते. अकादेमियासुद्धा. तारीख निवडता येत नव्हती ती त्यामुळे. तिकिटं संपली नव्हती, तिकिटं नव्हतीच.

व्हाउचरवर लिहिलं होतं की चौकात घोड्यावरच्या कोसिमोच्या पुतळ्याजवळ पावणेदहाला पिवळी छत्री घेतलेला गाईड भेटेल. आम्ही नऊलाच जाऊन उभे राहिलो, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात लहान स्केचबुक. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. व्हॉट्सअॅप नंबरवर एकच टिक. मग गळ्यात कार्ड लटकवलेला एक माणूस स्वतःहून आला, व्हाउचर बघून म्हणाला हो ही आमचीच कंपनी, आज ग्रुप कॅन्सल झालाय, माणशी १५ युरो फरक द्या, पलाझ्झो वेक्क्योचं करून देतो. मी पाकीट उघडलंसुद्धा होतं. आई म्हणाली, "अगं याला एक पैसा देऊ नकोस, हा मघापासून सगळ्यांनाच हेच सांगतोय." नवरा जवळच उभ्या असलेल्या महिला पोलिसाकडे गेला, तिने व्हाउचर वाचायच्या आधीच हात हलवून सांगितलं, मंडे क्लोज्ड. मागे वळून बघतो तर तो माणूस गायब.

बाबा काही बोलले नाहीत. बंद दरवाज्यापर्यंत जाऊन आले, मग चौकातल्या लोज्जिया देई लान्झी या कमानींच्या पडवीत, ती उघडी असते आणि तिथे तिकीट लागत नाही, चेल्लिनीच्या पर्सियसच्या पुतळ्यासमोर बसून दोन तास स्केच करत राहिले. मी बाजूला बसून होते आणि मला रडू येत होतं. दुपारी साध्या खिडकीवर तिकीट काढून पलाझ्झो वेक्क्यो बघितला, तो सोमवारी चालू असतो. मंगळवारी उफिझी सव्वाआठला उघडते आणि आमची ट्रेन आठची होती, बदलता न येणाऱ्या तिकिटाची.

पैशांचं सांगते कारण हे कामाचं आहे. त्याच रात्री हॉटेलवरून बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक केलं आणि डिस्प्यूट टाकला, सेवा मिळालीच नाही या कारणाखाली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर आणि सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नाशिकला परतल्यावर केली. बँकेने पुरावे मागितले तेव्हा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो उफिझीच्या स्वतःच्या साईटवरच्या "सोमवारी बंद" या ओळीच्या स्क्रीनशॉटचा, त्याच्या शेजारी सोमवारची तारीख असलेलं व्हाउचर लावलं. अडीच महिन्यांनी रक्कम जमा झाली, फॉरेक्स चार्ज मात्र नाही. डेबिट कार्डाने भरले असते तर खात्यातून रोख गेली असती आणि तेवढे दिवस हात बांधून बसावं लागलं असतं, म्हणून अशा ठिकाणी क्रेडिट कार्डच वापरा.

मैत्रिणीला मी तिचा फ्लॉरेन्सचा दिवस सोमवारवरून बुधवारवर ढकलायला लावला आणि तिकीट उफिझी डॉट आयटी वरून, पत्ता स्वतः टाईप करून, माझ्यासमोर काढायला लावलं. गूगलच्या जाहिरातीवरून नाही. बाबांनी तिला व्हीनससमोरचा फोटो पाठव म्हणून सांगितलंय.