मौखिक इतिहासाच्या मुलाखतीसाठी झूम एच१एन रेकॉर्डर

मुलाखत देणारी व्यक्ती जुनी आठवण सांगता सांगता थांबते, आवंढा गिळते, मग पुढे बोलते. माहितीपटाला नेमका तोच थांबा हवा असतो, आणि या खिशात मावणाऱ्या रेकॉर्डरची परीक्षाही तिथेच होते.

समोर ‘ऑटो लेव्हल’चं बटण आहे. ते बंदच ठेवा. चालू असलं की माणूस गप्प होताच यंत्र आपणहून आवाज चढवतं, पंख्याची घरघर वर येते आणि पुढच्या शब्दासरशी एकदम दबते. हा चढउतार नंतर संकलनात काढता येत नाही. त्यापेक्षा आवाजाच्या पातळीची चकती हाताने फिरवून सगळ्यात मोठं बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास आणा. हसू किंवा हुंदका अचानक फुटतो, म्हणून लिमिटर, म्हणजे अचानक वाढलेला आवाज फाटू न देणारी सोय, चालू हवा. लो कट, म्हणजे खालची घरघर कापणारी गाळणी, ८० हर्ट्झवर पुरे. १६० वर खर्जातला आवाज पोकळ वाटू लागतो. हळू बोलणाऱ्यासाठी चकती फार वर नेली तर रेकॉर्डरची स्वतःचीच सूं ऐकू येते. तेव्हा माइक जवळ न्यावा.

अंगचे दोन माइक हातभर अंतरापर्यंत चांगले. त्यापलीकडे खोलीच जास्त बोलते. प्लॅस्टिकचं अंग हलकं आहे, टेबलावर ठेवलेल्या कपाचा आवाजसुद्धा उचलतं. मागे ट्रायपॉडचे आटे आहेत, ते वापरा. कॉलर माइक ३.५ मिमीच्या खाचेत लागतो, पण फोनसाठीच्या चार पट्ट्यांच्या पिनला अडॅप्टर लागतो. शिवाय बाहेरचा माइक जोडला की अंगचे बंद होतात, त्यामुळे प्रश्न विचारणारा पुसट ऐकू येतो. व्यावसायिक माइकसाठीची एक्सएलआर खाच नाही, त्यांना वीज पुरवणारी फँटम पॉवरही नाही.

वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी फाइल), २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवलं तर तासाला साधारण १ जीबी जागा लागते. कार्ड ३२ जीबीपर्यंतच चालतं. एमपी३ने जागा वाचते, पण संग्रहात ठेवायच्या मूळ प्रतीसाठी ते नको. फाइल २ जीबीची झाली की नवी सुरू होते, म्हणजे दोन तासांच्या आसपास जोड येतो. नावं देताना तो विसरू नका. ट्रिपल-ए आकाराचे दोन सेल कंपनीच्या हिशेबाने १० तास पुरतात. रिचार्जेबल घातले तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला, नाहीतर उरलेली बॅटरी चुकीची दिसते.

कॅमेऱ्याशी आवाज जुळवायला सुरुवातीला टाळी वाजवतातच. शेवटीही वाजवा. दोन्ही यंत्रांची घड्याळं वेगळी असल्याने लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. शेवटच्या टाळीवरून किती सुटले ते मोजता येतं.

२०२४मध्ये आलेल्या झूमच्याच एच१ इसेन्शियलमध्ये ३२ बिट फ्लोट आहे, म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज दोन्ही नंतर सावरता येतात, आवाजाची पातळी लावायची कटकटच नाही. आज नवा घेणाऱ्याने तोच घ्यावा. हाताशी एच१एन असेल तर बसून घ्यायच्या मुलाखतींसाठी बदलायची घाई नको. ते पैसे आधी चांगल्या कॉलर माइकवर आणि कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर घालावेत.